सगळ्यांना पसंत पडणारा साडू

खालापूर तालुक्यात माझ्या साडूइतकी छाप पाडणारा माणूस आजवर झाला नाही, आणि कर्जत तालुक्यात त्याच्यावर माझ्याइतका मन लावून जळणाराही कुणी झाला नाही. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. तो कुंभिवलीला हायवेच्या कडेला पंक्चर काढतो, मी कशेळ्याला कटलरीचं दुकान चालवतो, आणि पन्नाशी उलटल्यावर आम्ही दोघंही मालिकांच्या ऑडिशनला जातो. पण मी नट आहे. गावच्या उत्सवातल्या नाटकांत मी आधी नायक, मग नायकाचा थोरला भाऊ आणि दाढा हलायला लागल्यावर बाप, अशा सगळ्या पायऱ्या रीतसर उतरलो आहे. साडूनं उभ्या जन्मात तोंडाला रंग लावलेला नाही. शूटिंगवाल्यांच्या गाडीचं चाक तो काढत असताना कुणीतरी त्याला म्हणालं, ‘काका, तुमचा चेहरा छान आहे, ऑडिशनला या,’ आणि हे खूळ सुरू झालं. आमच्याकडची फार्महाऊसं बाराही महिने शूटिंगला जातात, त्यामुळे खुळाला खाद्यही कमी पडत नाही.

साडूच्या मते ऑडिशन म्हणजे बघण्याचा कार्यक्रम. मुलगी बघायला येतात तसे हे लोक आपल्याला बघायला आलेले आहेत, एवढंच त्याला कळतं आणि तेवढं तो मनापासून पाळतो. आदल्या दिवसापासून कांदा खायचा नाही, पांढरा शर्ट, खिशात घडी केलेला रुमाल, आणि सोबतीला घरचं एक माणूस. हे घरचं माणूस म्हणजे मी. “आवं साडूभाऊ, बघायला आल्याव एकट्यानं बसायचं नस्तं. लोकं म्हनतील, याला कुनी नाय.” तिथं चहा-बिस्किटं आली तर आधी दिवेवाल्यांना, मग मेकअपवाल्याला, शेवटी स्वतः, तेही अर्धं बिस्किट. मी भुकेनं दोन उचलली तर माझ्याकडे असं बघतो, जणू मी ठरत आलेलं लग्न मोडलं.

कॅमेऱ्यासमोर आधी स्वतःची ओळख द्यायची असते. आम्ही नट मंडळी नाव, वय, उंची सांगून मोकळे होतो. साडू मुक्काम, पोस्ट, तालुका सांगतो, मग मामाचं गाव, मग शेती किती आणि भावांत वाटणी झाली का. हेडफोन लावलेल्या मुलीनं ‘काका, आता बाजूनं दाखवा’ म्हटलं की हा डावीकडे वळतो, उजवीकडे वळतो आणि विचारतो, “चालून दाकवू का?” उत्तराची वाट न बघता खिडकीपर्यंत चालत जाऊन परत येतो. एकदा तर डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, “कमी हायेत, पन माझेच हायेत.” सगळं युनिट हसून लोटपोट. मी त्यानंतर ज्येष्ठमध चघळून कमावलेल्या आवाजात लेकीला निरोप देणारा बाप केला, डोळ्यांतून खरं पाणी काढलं. ती मुलगी म्हणाली, ‘थँक्यू सर, कळवतो.’ पुढच्या वेळी दारातच तिनं साडूला नावानं हाक मारली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तुम्ही काकांच्या सोबतचे ना?’ त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

निकालाचंही त्याला काही नाही. मी दर दोन दिवसांनी फोन करतो. तो म्हणतो, “निरोप त्यांनी धाडायचा, आपन इचारायचं नस्तं.” नाहीच आला, तर पत्रिका जमली नाही म्हणून पुन्हा चाक खोलायला बसतो.

यंदा एका मालिकेत मुलीच्या बापाचं काम निघालं. चांगलं मोठं. दाढा संपायच्या आत एकदा तरी पडद्यावर दिसावं, एवढी एकच इच्छा उरली होती, आणि हे काम माझंच होतं. ते साडूलाही कळलं असावं. म्हणाला, “यावेळी तुमी बसा, मी सोबतीला येतो.”

माझं काम झालं. हेडफोनवाली मुलगी ‘थँक्यू’ म्हणणार तोच हा कोपऱ्यातून उठून पुढे आला. सोबत आलेल्या माणसानं स्थळाचे गुण सांगायचे असतात, ही रीत. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साडू म्हणाला, “मानूस तोंडानं तिखट हाय, आदीच सांगतो. पन मागं रस्ता मोठा केला तवा माजं दुकान गेलं. मी नुसता दगडावर बसून ऱ्हायचो. तर हा मानूस कशेळ्यावरनं रोज यायचा, शेजारी बसायचा, डबा उघडून माज्याकडं सरकवायचा. येका शब्दानं समजूत घातली नाय. असं स्थळ तुमाला गावायचं नाय.” कॅमेरा चालूच होता. मुलीनं हेडफोन काढून हातात धरला होता.

आठवड्यानं निरोप आला, तो साडूला. बघायला आले एकीला आणि पसंत केली पाठची, असं आमच्याकडे होतं कधीकधी, तसंच. तो धावतपळत कशेळ्याला आला. “मी त्यांना सांगितलं, तुमचं चुकलंय. बघायचं व्हतं यांना.” मी बांगड्या मांडत म्हटलं, “जा की. मला काय त्याचं.” मला फार काही होतं त्याचं, पण तो गेला.

बापाचं नव्हे, त्याच मालिकेत मुलाचं स्थळ घेऊन मुलीच्या घरी येणारा शेजारी, असं छोटंसं काम होतं. भाग लागला त्या संध्याकाळी दोघंही नवरा-बायको आमच्याकडेच आले. पडद्यावर साडू पांढऱ्या शर्टात उभा होता आणि मुलीच्या आईबापांना सांगत होता, की माझं दुकान गेलं तेव्हा हे पोरगं रोज यायचं, शेजारी बसायचं, डबा सरकवायचं. मालिकावाल्यांनी त्याचे शब्द तसेच ठेवले होते. बाजूला नायक मान खाली घालून बसला होता. गोरापान, गालाला खळी.

आयुष्यात पहिल्यांदा मी साडूचा हेवा करायला विसरलो. मला त्या पोराचा वाटला. माझ्याबद्दल एवढं चांगलं कुणी कधी बोललं नव्हतं, आणि ते सगळं त्याला गेलं.

साडू शेजारी बसून बघत होता. हळूच म्हणाला, “पोरगा बरा हाय. पन डबा काय त्यानं कदी उघडला नसंल.”

बायकोनं जेवायला हाक मारली. आम्ही दोघंही उठलो नाही.