घशात काही अडकलं नव्हतं

गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून मलमपट्ट्या करण्यात तिची सत्तावीस वर्षं गेली. सगळे तिला मावशी म्हणत. नवा डॉक्टर आला की आठवडाभर 'मॅडम, मॅडम' करी आणि मग गुपचूप मावशीवर येई. पाल दिसली की ही बाई टेबलावर चढे, पण बिथरलेल्या बैलाची वेसण धरायला एका पायावर तयार.

त्या सकाळी दूधवाला धापा टाकत आला. "गायीच्या घशात काहीतरी अडकलंय. दोन दिवस घोट उतरत नाही, नुसती लाळ गळतेय."

डॉक्टर नवे, उत्साह उतू जाणारा. गोठ्यात पोचताच त्यांनी बाह्या सरसावल्या. गाय ताठ उभी होती, मागचे पाय लटपटत होते. मग ती हंबरली. घोगरं, फाटकं, मध्येच चिरकणारं, थांबेचना.

"डॉक्टर, हात मागे!" मावशी कडाडली.

"अहो, घशात अडकलेलं काढायला नको?"

"आधी विचारू द्या." ती दूधवाल्याकडे वळली. "कुत्रं चावलं होतं का?"

"छे!"

"चावलं कसं नाही?" त्याची बायको दारातून म्हणाली. "दीड महिन्यापूर्वी भटकं कुत्रं शिरलं होतं ना. हिच्या नाकाला जरासं लागलं. ते कुत्रं नंतर नाल्यात मेलेलं सापडलं."

डॉक्टरांचा हात आपोआप खाली आला. "रेबीज," ते पुटपुटले.

"पण तिच्यापुढे बादली ठेवली तर तोंड घालते की," दूधवाला म्हणाला.

"गुरं पाण्याला घाबरतातच असं नाही," मावशी म्हणाली. " गिळता येत नाही, म्हणून अडकल्यासारखं वाटतं. तोंडात हात कोणी घातला?"

सगळ्यांच्या नजरा मागे उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या जावईबापूंकडे गेल्या. काल त्यांनी कोपरापर्यंत हात घातला होता, आणि बोटांवर दातांचे ओरखडे होते. मावशीने त्यांना मनगटाला धरून नळाखाली नेलं. "साबण लावा. पंधरा मिनिटं."

"लागलंय काल, आज धुऊन काय उपयोग?"

"काल अंघोळ राहिली म्हणून आजही पारोसे राहता का?"

जावईबापू हसले. "पण मी तर ठणठणीत आहे, मावशी. पाणीही पितो."

"म्हणून तर लस आजच घ्यायची. एकदा पाणी पाहून घसा आवळायला लागला, की डॉक्टरही हात टेकतात."

दुपारी ती त्यांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेली. जखमेत रेबीजविरोधी सीरम टोचताना जावईबापूंना ब्रह्मांड आठवलं. दूधवाला आणि त्याची बायको दोन दिवस गायीची लाळ पुसत होते, म्हणून त्यांनाही लस दिली. रांगेच्या शेवटी डॉक्टर उभे होते, मान खाली घालून.

"तुम्ही कशाला?"

"नोकरीला लागताना घ्यायची होती. राहून गेली."

मावशीने कपाळाला हात लावला.

तिसऱ्या दिवशी गाय गेली. खोल खड्डा खणून पुरली. दूधवाल्याची बायको पायरीवर रडत बसली, तेव्हा मावशी तिच्याशेजारी टेकली.

परत येताना डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, नुसत्या आवाजावरून कळलं?"

"नोकरीच्या पहिल्या वर्षी असाच आवाज ऐकला होता. तेव्हा हात मीच घातला होता." तिने पदर सावरला. "पोटात चौदा इंजेक्शनं. सासूबाई रोज बरोबर यायच्या, आणि माझ्याआधी त्याच ओरडायच्या."