गाडी आणखी कोण चालवतं?

किर्गिझस्तानातल्या कोचकोरच्या बाजारात, पंक्चरवाल्याला लागून, झुराकानची एका खिडकीची खोली होती. बिश्केकच्या एका विमा कंपनीची ती इथली एजंट. टॅक्सीवाले, पाववाले, दूधवाले, मेंढ्या वाहणारे, सगळ्यांच्या गाड्यांचे कागद तिच्या हातून व्हायचे. त्याआधी बावीस वर्षं ती सरकारी वाहन डेपोत होती. तिच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय एकही ट्रक फाटकाबाहेर पडत नसे. पुढे डेपो बंद पडला, छपराचे पत्रेसुद्धा लोकांनी काढून नेले, पण झुराकानचा कान शाबूत राहिला. गाडी वळणावर असतानाच ती सांगायची, "हिचा क्लच गेलाय."

विम्याचा अर्ज तिनं कधी खोलीत बसून भरला नाही. ती बाहेर यायची, गाडीला एक फेरी घालायची, दार उघडून आत बसायची आणि मग विचारायला लागायची. गाडीत काय नेतोस? कुठल्या रस्त्यानं? रात्री उभी कुठे करतोस? माल तुझा की दुसऱ्याचा?

"एजे, तुम्ही विमा काढताय की सून बघताय?" लोक म्हणायचे. मोठ्या बाईला तिथे एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

"सून परत पाठवता येते," झुराकान म्हणायची. "घरच्या गाडीचा कागद काढून धंदा करशील, तर अपघाताच्या दिवशी तो कागद चूल पेटवायला घे. घरची गाडी लग्नाला जाते, दवाखान्यात जाते. तुझी गाडी रोज परकी माणसं आणि परका माल घेऊन जाते. तिचा कागद वेगळा. समोरच्याचं नुकसान वेगळं, तुझ्या गाडीचं वेगळं, आतल्या मालाचं आणखी वेगळं. आता सांग, दरड कोसळली तर?"

हे तिनं झिरगाल पाववाल्याला विचारलं होतं. त्यानं कुरकुरत गाडीच्या नुकसानीचा विमाही घेतला. अकराव्या दिवशी बूमच्या दरीत त्याच्या टपावर हंड्याएवढा दगड पडला. झिरगालला खरचटलंसुद्धा नाही. क्लेम मिळाला तेव्हा तो मेंढीची अख्खी तंगडी घेऊन आला आणि बाजारभर सांगत सुटला, की बाईची जीभ सोन्याची आहे.

मग पाहुणे उतरवून घेणाऱ्या एका बाईच्या मिनीबसच्या दारात एका प्रवाशाची बोटं सापडली. झुराकाननं तेच विचारलं होतं. पण त्या दाराची स्प्रिंग ढिली होती, ते तिला दिसलं होतं. दरडी तर बूममध्ये नेहमीच्याच. झुराकान स्वतःला असं समजावायची, आणि ते बरोबरही होतं.

मधवाल्या ईशेनच्या वेळी मात्र तिला समजावता येईना.

शरद सरत आला होता. ईशेनच्या जुन्या गाडीत ती बसली. मधाच्या बरण्या, मेणाचा वास, सगळं नेहमीसारखं. ती मालाबद्दल विचारणार होती. तेवढ्यात ओढ्याचं पाणी प्यावं तसे तिचे दात गारठले, आणि तिच्या तोंडून आलं, "घोडा आत आला तर?"

ईशेन हसला. "कुठे आत, एजे?"

"गाडीत. तुझ्या मांडीवर."

हे बोलून झुराकानच दचकली. ते तिचे शब्द नव्हते. आवाज तिचाच होता, पण कुणीतरी तो उसना घेऊन परत केल्यासारखा वाटला. तिनं घाईघाईनं सह्या घेतल्या.

आठवडा उलटला. ओर्तो-तोकोयच्या तलावाजवळ, भर दुपारी, कळपातून उधळलेला एक तांबडा घोडा रस्त्यावर आला आणि ईशेनच्या गाडीची काच फोडून आत पडला. त्याचं डोकं ईशेनच्या मांडीवर होतं. लोक येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ तो घोडा जिवंत होता. ईशेनचा खांदा निखळला, बाकी तो वाचला. क्लेमचे पैसेही मिळाले. पण ते कागद न्यायला त्यानं भावाला पाठवलं. स्वतः पुन्हा त्या खोलीत पाय ठेवला नाही. बाजारात झुराकान दिसली की तो बरण्या आवरायला लागायचा.

त्यानंतर कोचकोरची बोलण्याची तऱ्हा बदलली. विमा तर हवाच, आणि एजंट ती एकटीच. म्हणून लोक यायचे, पण गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून. दारातूनच म्हणायचे, "एजे, आज विचारू नका हं. नुसतं लिहा." बाहेर पडले की गाडीभोवती आर्चा नावाच्या डोंगरी झुडपाच्या वाळक्या फांदीचा धूर फिरवायचे, इडापिडा जावी म्हणून. पंक्चरवाल्यानं तर दारात आर्चाची जुडीच विकायला ठेवली. त्याचा पंक्चरपेक्षा तोच धंदा बरा चालला.

झुराकानही घाबरली होती. ती एकटी राहायची. मुलगी बिश्केकला दिलेली. संध्याकाळी चहात मीठ टाकता टाकता तिचा हात थांबायचा. आपण पुढचं बघून विचारतो, की आपण विचारतो म्हणून ते घडतं? हे कुणाला विचारणार? शेवटी तिनं विचारणंच सोडलं. फेरी घालणं बंद, गाडीत बसणं बंद. छापील प्रश्नांपुढे ती स्वतःच खुणा करायची आणि खाली सही घ्यायची. दहा मिनिटांत माणूस मोकळा. बिश्केकहून साहेबांचा कौतुकाचा फोन आला, काम फार झटपट होतंय म्हणून. तो पूर्ण हिवाळा तिचे दात एकदाही गारठले नाहीत.

मार्चमध्ये ओमुरझाक आला. हा आजूबाजूच्या गावांतून दूध गोळा करून दोलोन घाटापलीकडे नारीनला पोचवणारा. मोठ्या ढेरीचा, मोठ्या आवाजाचा, गावातल्या प्रत्येक लग्नात पहिला नाचणारा. नवी व्हॅन घेतली होती, पांढरी, आत दुधाच्या टाक्या बसवलेली. उत्साहाच्या भरात ती त्यानं थेट खिडकीसमोर आणून लावली.

"एजे, आधी तोंडाला कुलूप, मग मी आत!"

"ये, बैस. नुसतं लिहिते."

"आणि स्वस्तातलं लिहा. घरची गाडी म्हणून टाका."

"दूध घरी पितोस का सगळं?" इतकं बोलायला तिला भीती वाटली नाही. "धंद्याची गाडी म्हणूनच लिहीन. तुझी गाडी, समोरच्याची, आणि दूध. तिन्ही. नाहीतर ऊठ."

"बरं बाई, लिहा."

"चालवणार कोण?"

"मी."

ती नाव लिहीत होती. लिहिता लिहिता सहज नजर खिडकीबाहेर गेली. व्हॅनच्या स्टिअरिंगमागे एक बाई बसली होती. डोक्याला पांढरा रुमाल, दोन्ही हात चाकावर, मान ताठ. ती समोर बघत होती, पण समोर तर पंक्चरवाल्याची भिंत होती. झुराकाननं पापणी मिटून उघडली. सीट रिकामी होती.

तिचे दात गारठले. प्रश्न घशात आला, पूर्ण तयार होऊन आला: गाडी आणखी कोण चालवतं? साधाच प्रश्न. छापील अर्जात सातव्या ओळीत तोच होता. तिचे ओठ हलले.

ओमुरझाकनं ते पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "नको, एजे," तो हळू म्हणाला. इतका हळू बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं. "माझी तीन लेकरं आहेत. नको."

झुराकाननं आवंढा गिळला. प्रश्न खाली गेला. बर्फाचा खडा गिळावा तसा तो उतरताना तिला जाणवला. सातव्या ओळीपुढे तिनं स्वतःच आडवी रेघ मारली.

एप्रिलच्या मध्यात ओमुरझाकचं पोट दुखायला लागलं. अपेंडिक्स निघालं, इथल्याच दवाखान्यात लगेच कापावं लागलं. दूध मात्र थांबत नाही. दोन दिवसांचं दूध टाकीत, नारीनचा गिऱ्हाईक फोनवर ओरडतोय. त्याची बायको गुलबारचीन उठली, रुमाल बांधला, चावी घेतली. तिला गाडी येत होती, परवाना होता, माहेरी ट्रॅक्टरसुद्धा चालवायची. सकाळी नऊला निघाली. घाट चढून उतरणीला लागली आणि एका वळणावर व्हॅन सरळ गेली. समोरून येणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या मोटारीला घासून खाली पन्नास हात. दूध बर्फावर सांडलेलं लोकांना आधी दिसलंच नाही, पांढऱ्यावर पांढरं. गुलबारचीनची मांडी दोन ठिकाणी मोडली. म्हातारा वाचला, त्याची मोटार गेली.

कंपनीनं कळवलं, कागदावर चालक एकच. दुसरं कुणी चालवत असेल तर आम्ही बांधील नाही.

चौथ्या दिवशी झुराकान नारीनच्या इस्पितळात गेली. सोबत तुपात तळलेले कणकेचे बोरसोक नेले होते. ती आत येताच गुलबारचीन उशीवरून उठायला धडपडली.

"एजे, तुम्ही त्या दिवशी गाडीत कशा आलात?"

"मी कुठे होते गाडीत, पोरी?"

"शेजारच्या सीटवर. दिसला नाहीत, पण आवाज तुमचाच. घाट उतरत होते. अगदी कानाशी विचारलंत, गाडी आणखी कोण चालवतं?" ती झुराकानकडे टक लावून बघत होती. "मी म्हटलं, मी चालवते ना, एजे. म्हणायला वळले. तेवढ्यात वळण आलं."

झुराकानच्या मांडीवर बोरसोकांची पिशवी होती, ती तिनं घट्ट धरली. खोलीत हीटर होता, तरी श्वास सोडताना तिच्या तोंडातून वाफ निघाली. पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारीनंही ती पाहिली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर, पायऱ्यांवर ओमुरझाक बसला होता. पोटाचे टाके ओले, म्हणून वाकून. ढेरी पार उतरली होती.

"तुम्हाला कळलं होतं," तो म्हणाला.

"तूच नको म्हणालास."

"मी म्हणणारच! मी दूधवाला आहे, मला काय कळतं? घाबरलो होतो. पण तुम्ही विचारलं असतं तर तिचं नाव तरी पडलं असतं कागदावर. मला गप्प करून विचारायचं होतं, एजे. ते तुमचं काम होतं."

परतीच्या मिनीबसमध्ये तिनं घाटाकडे पाहिलं नाही. घरी येऊन तिनं कंपनीला पत्र लिहिलं, डेपोत लिहायची तसं, सरळ. सातवा प्रश्न मी गिऱ्हाइकाला विचारला नाही. रेघ माझ्या हातची आहे. गिऱ्हाईक खोटं बोललेलं नाही. का विचारला नाही, ते तिनं लिहिलं नाही. कोण वाचणार होतं ते?

दोन महिने पत्रं आली-गेली. तिच्या कबुलीमुळे कंपनीला भरपाई द्यावी लागली, म्हाताऱ्याची मोटारही त्यातच आली. आणि झुराकानची एजन्सी गेली. खिडकीवरची पाटी तिनं स्वतः उतरवली.

नवा एजंट आला, नारीनचा, टापटीप तरुण. पण घाटातल्या त्या आवाजाची गोष्ट बाजारभर झाली होती. लोक त्याच्याकडे गेले आणि आठवड्याभरात एकेक करून झुराकानच्या अंगणात आले. पहिला आला तो ओमुरझाक, उधारीच्या जुन्या गाडीत. शेजारच्या सीटवर गुलबारचीन, कुबड्या मागे टाकलेल्या.

"उद्या कागद करायचाय," तो म्हणाला. "आधी तुम्ही विचारा. जे येईल ते. दोघं ऐकायला बसलोय."

झुराकाननं फेरी घातली. दार उघडून आत बसली. दात गारठले, आणि या वेळी तिनं तोंड उघडं ठेवलं. तिनं टायरबद्दल विचारलं, टाकीच्या झाकणाबद्दल विचारलं, आणि मग त्या दुसऱ्या आवाजात, घाटात धुकं असताना रस्त्यात कुणी हात दाखवला तर थांबणार का, असंही विचारलं. गुलबारचीननं सगळं वहीत उतरवून घेतलं. ओमुरझाकनं कपाळाचा घाम पुसला. मग तिघांनी चहा घेतला.

तेव्हापासून दर शनिवारी, जनावरांचा बाजार उठला की, तिच्या फाटकासमोर गाड्या उभ्या राहतात. विचारलेलं घडतं कधी, कधी नाही. झिरगाल म्हणतो, घडतं. पंक्चरवाला म्हणतो, हल्ली कमी घडतं, कारण लोक आधी दुरुस्ती करून घेतात. झुराकानला एवढंच कळलंय, की न विचारलेला प्रश्न जिरत नाही. तो स्वतःच निघतो आणि माणसाला गाठतो, बहुधा वळणावर.

गेल्या शनिवारी ईशेन आला. इतक्या वर्षांनी. नवी गाडी, मागे मधमाश्यांच्या पेट्या. खांदा अजून थोडा तिरका. तो दार उघडून बाजूला झाला. झुराकान आत बसली. पेट्यांमधून बारीक गुणगुण येत होती. तिचे दात एकदा गारठले, मग पुन्हा, मग पुन्हा.

"काय येतंय, एजे?" ईशेननं शेवटी विचारलं.

"थांब," ती म्हणाली. "प्रश्न पुष्कळ आहेत. वही आणलीस ना?"