सुधाताईंची रात्रपाळी

दिवेलागणीनंतर रस्त्यात दिसणारी बाई एकतर नर्स असते, नाहीतर तिचं नवऱ्याशी भांडण झालेलं असतं, असं सुधाताईंचं साठी उलटेपर्यंत ठाम मत होतं. लग्न होऊन ग्वाल्हेरच्या दौलतगंजात आल्या तेव्हापासून कुणी विचारलं नाही तरी त्या ते सांगत आल्या. त्यांचे यजमान कृष्णराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. नऊनंतर घरात दिवा जळलेला त्यांना खपत नसे. सुधाताईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. लवकर निजतं ते घरंदाज शहर, असं त्या म्हणत, आणि म्हणताना इंदूरच्या दिशेने हात करत. दिशा दर वेळी बरोबर असेच असं नाही.

इंदूरशी त्यांचं वैर पिढीजात होतं. सासरचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत घोड्यावर होते, निदान घोड्यांच्या आसपास तरी होते. त्यामुळे होळकरांचं गाव म्हटलं की सुधाताईंच्या कपाळावर आठी चढे. आणि नेमका त्यांचा एकुलता एक मुलगा समरजीत, त्याने बायको आणली ती इंदूरची. गरिमा. तिचे पूर्वज होळकरांकडे. दोन्हीकडच्या तलवारी केव्हाच मोडीत गेल्या होत्या, जिभा मात्र शाबूत होत्या. लग्नाच्या पंगतीतच गरिमाची आई लीलाताई म्हणाल्या, "आमच्याकडे रात्री बारा वाजता गरम जिलबी मिळते हो."

"आमच्याकडे रात्री बारा वाजता लोक झोपलेले असतात," सुधाताई म्हणाल्या. "जिलबी सकाळी खातात."

तिथवर सगळं ठीक होतं. पण यंदा नवरात्राच्या सुमारास समरजीतला कंपनीने इंदूरच्या ऑफिसात मोठी जागा देऊ केली. दिवाळीपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. गरिमा सिटी सेंटरला बँकेत, तिलाही बदली मिळण्यासारखी होती. "मग काय ठरवलंस?" असं सुधाताईंनी विचारलं, तर हा पठ्ठ्या मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "गरिमा म्हणेल तसं."

त्याच संध्याकाळी गरिमा गॅलरीत उभी राहून आईशी फोनवर बोलत होती आणि सुधाताई आत कोथिंबीर निवडत होत्या. कान काही निवडत नव्हते, ते रिकामेच होते. "इथे काय गं आई," गरिमा म्हणत होती, "नऊ वाजले की सब बंद. रात्री काहीच नसतं. सराफ्याची इतकी याद येते ना!"

इंदूरचा सराफा म्हणजे दिवसा सोनारांची गल्ली, आणि दुकानं बंद झाली की त्याच पायऱ्यांवर खाण्याचा बाजार. सुधाताईंनी मनात हिशेब केला. पोरं गेली तर घरात उरणार त्या आणि कृष्णराव, आणि कृष्णराव बोलत ते फक्त टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्याशी, तेही भांडायला. त्या घराची त्यांना खरोखर भीती वाटली. पण रडत बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. सुनेला रात्र हवी आहे ना? मग रात्र देऊ, असं त्यांनी कोथिंबिरीच्या काड्या फेकता फेकता ठरवलं.

अडचण एकच होती. रात्र म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "अहो," त्यांनी नवऱ्याला विचारलं, "रात्री लोक बाहेर काय करतात?"

"चोऱ्या," कृष्णराव म्हणाले आणि कुशीवर वळले.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर सुधाताईंनी शाल घेतली, टॉर्च घेतला, थर्मासात चहा भरला आणि सुनेला म्हणाल्या, "चल गं, बाड्यावर फिरून येऊ." गरिमाच्या हातातला ताटांचा ढीग हातातच राहिला. सासू सुनेला रात्री घरात कोंडते हे तिने ऐकलं होतं. सासू सुनेला रात्री बाहेर काढते हे नवीन होतं. पण नवी सून, नाही कशी म्हणणार?

महाराज बाड्यावर, म्हणजे गावातल्या मुख्य चौकात, एक बाक रिकामा होता. दोघी त्यावर बसल्या. बस चुकल्यासारख्या बसूनच राहिल्या. दुकानांची शटरं एकेक करून खाली येत होती आणि प्रत्येक शटर पडलं की सुधाताई दचकून सुनेकडे बघत, इंदूरला हे जास्त मोठ्याने पडतं का, या काळजीने. शेवटी एक पोलीस आला. "माताजी, किसी का इंतज़ार है?"

"नहीं भैया," सुधाताई बाकावरून न हलता म्हणाल्या, "हम घूम रहे हैं."

पुढे मात्र हात बसत गेला. बाड्यावरच्या दूधवाल्याकडचं मलईचं गरम दूध झालं. फूलबागेतली खाण्याच्या गाड्यांची चौपाटी झाली. किल्ल्यावरचा लाइट अँड साउंड झाला, तिथे राजे-रजवाड्यांच्या आवाजात डोंगर बोलत होता तेव्हा सुधाताई सुनेच्या कानात विचारत होत्या, "इंदूरला डोंगर तरी आहे का?" सिटी सेंटरच्या एका कॅफेत त्या चपला काढून सोफ्यावर मांडी घालून बसल्या. कॉफीवर दुधाचं पान काढून आलं, ते मोडू नये म्हणून त्यांनी बशीत ओतून न घेता कडेकडेने फुंकून प्यायली. गाणं इतक्या जोरात लागलं होतं की वेटरला ऑर्डर खुणांनी द्यावी लागली. सुधाताईंना ते फार पसंत पडलं. घरी कृष्णरावांना खुणा करूनही काही कळत नसे.

पण खरा शोध त्यांना लागला तो स्टेशनचा. रात्रभर जागं असणारं ग्वाल्हेर कुठे असेल तर ते स्टेशनवर, हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि आधी कसं सुचलं नाही म्हणून त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. प्लॅटफॉर्म तिकीट काढून दोघी बाकावर बसल्या. दिल्लीची गाडी आली, गेली. भोपाळची आली, गेली. "बघ, किती रौनक आहे!" असं म्हणत सुधाताई वळल्या, तर गरिमा त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून तोंड उघडं ठेवून झोपली होती. येणारेजाणारे चुकचुकू लागले. एक हमाल कुठूनशी व्हीलचेअर घेऊन आला. "माताजी, बिटिया को कौन सी गाड़ी में चढ़ाना है?"

"किसी में नहीं. ऐसे ही आए हैं."

"ऐसे ही?" हमालाने एकदा झोपलेल्या पोरीकडे पाहिलं, एकदा थर्मासकडे, आणि खुर्ची पुढे सरकवली. गरिमा अर्धवट झोपेत त्या खुर्चीत जाऊन बसली ती रिक्षाच्या थांब्यापर्यंत तशीच गेली. सुधाताई शाल सावरत बाजूने चालत होत्या आणि खोटं कशाला सांगा, त्यांना फार मजा वाटत होती. एरवी जिना चढताना कुरकुरणारे गुडघे रात्री चकार शब्द काढत नसत. सगळी कुरकुर दिवसा.

गल्ली काय गप्प बसते? इंदूरची सून म्हातारीला रोज रात्री घराबाहेर काढते आणि बिचारी सासू बाड्यावर बाकावर रात्र काढते, अशी बातमी आठवड्याभरात फिरली. शेजारच्या सुमनताई डोळ्यांना पदर लावून आल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे येऊन झोपत जा हो. जागा आहे." सुधाताईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "झोपायला वेळ कुठे आहे मला!" सुमनताई आणखीच रडल्या.

दिवाळी जवळ आली तसं लीलाताईंचं बोलावणं आलं, दोघी दोन दिवस इंदूरला या म्हणून. शत्रूची तयारी एकदा डोळ्यांनी पाहावी म्हणून सुधाताई निघाल्या. लीलाताई त्यांना जेवण झाल्या झाल्या सराफ्यात घेऊन गेल्या. तिथली गर्दी, तो धूर, कढयांची ती चरचर बघून सुधाताईंचं अवसान गळालं, पण चेहरा त्यांनी हलू दिला नाही. भुट्ट्याचा कीस खाऊन म्हणाल्या, "बरा आहे. आमच्याकडचा मका मुळातच मऊ असतो, किसावा लागत नाही." गराडू नावाच्या कंदाच्या तळलेल्या फोडी लिंबू पिळून खाल्ल्या आणि म्हणाल्या, "सुरणासारखं लागतं." मग ताटाएवढी जिलबी समोर आली. "केवढी मोठी," त्या म्हणाल्या, "एकट्या माणसाने काय करावं?" आणि एकटीने संपवली.

लीलाताई एव्हाना एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकल्या होत्या आणि पदराआड जांभया देत होत्या. "सुधाताई, खरं सांगू का?" त्या म्हणाल्या. "मी इथे पाच-सहा वर्षांनी येते आहे. आमच्यातलं कोण येतं इथे? पाहुणे आले की यावं लागतं. आम्ही तर नऊला झोपतो."

"मग आज कशाला एवढा त्रास?"

"कशाला म्हणजे? गरिमा सांगते, तुम्ही रोज रात्री बाहेर. कॅफे काय, किल्ला काय, स्टेशन काय. माझी तर झोपच उडाली. म्हटलं, इंदूरची इज्जत जाईल."

दोघी विहिणींनी वळून पाहिलं. गरिमा शेजारच्या शटरला टेकून गाढ झोपली होती.

परतीच्या गाडीत ग्वाल्हेर जवळ येऊ लागल्यावर गरिमाने धीर केला. "मम्मीजी, एक बोलू? राग तर नाही ना येणार? मला सुबह ऑफिस असतं. आता नाही होत माझ्याने."

"मग आधी सांगायचं की नाही, पोरी?"

"मला वाटलं तुम्हाला आवडतं. तुम्ही किती खुश असता रात्री. म्हटलं, कशाला मन मोडायचं."

"मला? मला कशाला आवडेल!" सुधाताई एवढ्या जोरात म्हणाल्या की वरच्या बर्थवरचा माणूस उठून बसला. "मी तुझ्यासाठी जागत होते. तूच फोनवर म्हणत होतीस, इथे रात्री काही नसतं."

गरिमाला हसू आवरेना. "अहो, ते तर आईला बरं वाटावं म्हणून! सासरची थोडी बुराई नाही केली तर तिला टेन्शन येतं, मुलगी आपल्याला विसरून गेली म्हणून."

"आणि इंदूरची नोकरी?"

"नाही जायचं. समरला मी केव्हाच सांगून टाकलं. त्याने तुम्हाला नाही सांगितलं?"

समरजीतने सांगितलं नव्हतं. समरजीत कधी काही सांगत नसे, हा त्याच्या बापाचा गुण. पण सुधाताईंना त्या घडीला मुलाचा राग येण्याइतकीही उसंत नव्हती. पोरं राहणार होती. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या, कारण डोळे भरून आले होते आणि ते इंदूरवालीने पाहावं अशी त्यांची इच्छा नव्हती.

"पण मम्मीजी," गरिमा मागून म्हणाली, "आता मला झोपू द्या."

"झोप गं बाई. आजपासून नऊला झोप."

त्या रात्री नऊला घर झोपलं. सुधाताईही आडव्या झाल्या. सून राहिली, मुलगा राहिला, देवापुढे साखर ठेवून झाली होती. आता सुखाने झोप लागायला हवी होती. लागेना. पंख्याकडे बघता बघता त्यांना वाटलं, बाड्यावर आत्ता दूधवाल्याच्या कढईला साय धरली असेल. मग वाटलं, इतकी वर्षं ती रोजच धरत असणार, आणि आपण इथे पडून होतो. त्या विचाराने त्यांना इतकं वाईट वाटलं की त्या उठून बसल्या.

"अहो," त्यांनी कृष्णरावांना हलवलं. "मी बाड्यावर जाऊन येते."

"आता कशाला? सून राहतेय ना?"

"सुनेसाठी नाही. मला जायचंय."

बोलून झाल्यावर त्याच थोड्या घाबरल्या. समरला हवंय, तुम्हाला चालेल का, सुनेला आवडेल, असं त्या या घरात जन्मभर बोलत आल्या होत्या. हे वाक्य त्यांच्या तोंडून कृष्णरावांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्यांनी स्वतःही.

कृष्णराव अंधारात कोपरावर उठले. "एकटी?"

"तुम्ही येता?"

"नाही बुवा," कृष्णराव प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग एकटी."

बाड्यावर गर्दी ओसरली होती, कढईखाली निखारे होते. दूधवाल्याने त्यांना ओळखलं, ग्लास पुसता पुसता मागे बघितलं आणि विचारलं, "क्यों माताजी, आज बहू नहीं आई?"

"नहीं," सुधाताई म्हणाल्या. "आज मैं आई हूँ."

आणि मलई जरा जास्त घालायला सांगितली.