पाळणेचाचांचे पंधरा-पंधरा दिवस

एसटीत उजवीकडे माणसं जास्त दिसली की पाळणेचाचा उठून डावीकडे जायचे. तिथे जागा नसली तर दांडा धरून उभे राहायचे, पण डावीकडेच. शिरूर-दौंड भागातल्या जत्रा-उरुसांत त्यांनी जन्मभर आकाशपाळणा फिरवला होता. एका अंगाला भार पडलेला त्यांना सोसायचाच नाही.

पाळण्यात माणसं ओळीनं भरत नाहीत. एक डबा भरला की अर्धा फेरा द्यायचा आणि समोरचा भरायचा, उतरवतानाही तसंच. "वळीनं भरलास का पाळणा हातातनं सुटलाच म्हनून समज," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला बजावायचे, जणू प्रत्येकाच्या घरी एकेक पाळणा उभा आहे.

मी तेव्हा कारेगावात त्यांच्या थोरल्या लेकीची, शमीमताईची खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. कंपनीत कंत्राटावर. काही महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर खेटे. एकदा असाच ब्रेक मिळाला आणि मी ओट्यावर बसून करवादलो, "चाचा, आयुष्याचा नुसता आकाशपाळणा झालाय. आत्ता वर, आत्ता खाली."

चाचा भडकलेच. "पाळण्याला कशाला बदनाम करतुयास? खाली येनं वाईट, आसं कुनी सांगितलं? चढायचं खाली, उतरायचं बी खाली. भ्या वाटतंय ते वर. आन् वर थांबला म्हंजी बंद पडला न्हाई. खाली कुनीतरी चढत आसतंय. तवर दम धर, बोंबलू नगंस."

दम धरणं मला तेव्हाही जमलं नाही, आजही जमत नाही. पण टीव्हीवर कुणी बाजारभावाचा आकाशपाळणा झाला म्हणालं की मी चाचांकडे बघायचो, आणि चाचा टीव्हीच बंद करायचे.

गुडघे गेले तसा त्यांनी पाळणा पुतण्याला देऊन टाकला. मग स्वतःच फिरायला लागले. पंधरा दिवस कारेगावात, पंधरा दिवस पाटसला धाकट्या नसीमकडे. सोळाव्या दिवशी सकाळी पिशवी खांद्याला. एकदा तापामुळे इथे तीन दिवस जास्त राहिले, तर पाटसलाही तीन दिवस वाढवून आले. आम्ही भाडेकरू हसायचो. शमीमताई हसायची नाही. "ह्यो बाप हाय का पाव्हना?" म्हणायची.

पुढे नसीमचा नवरा पाय मोडून अंथरुणाला खिळला. घरात दोन लहान पोरं. नेमके तेव्हाच चाचांचे तिथले पंधरा दिवस भरले. "अब्बा, आज नगा जाऊ," असं नसीम म्हणाली, तरी चाचा ठरल्या दिवशी कारेगावात हजर! आल्यापासून मात्र अंगणात येरझाऱ्या. जेवण अर्धवट टाकून उठायचे, माझ्या दारात यायचे, परत जायचे. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी पिशवी उचलली.

शमीमताई पिठाच्या हातांनी दारात आली. "माझं बारा दिस ऱ्हायल्यात, अब्बा."

"ते बुडले समज, पोरी."

हे चाचा बोलले! मी पिशवी घेऊन स्टँडवर सोडायला गेलो. वाटेत ते एवढंच म्हणाले, "समदा जन्म वजन बघत बसलो. कोन रडतंय ते बघितलंच न्हाई." एसटी आली. ते दिसेल त्या सीटवर बसले.

ते पुन्हा कारेगावला आले नाहीत. काही महिन्यांनी पाटसलाच वारले. शमीमताईला घेऊन मीच गेलो होतो. नसीमच्या गळ्यात पडून ती रडली, "बरं झालं, तुझ्याकडं ऱ्हायले," असं तिला दोनदा म्हणाली. मला तिचं फार कौतुक वाटलं.

परतताना शिरूर आलं. ताई एकदम माझ्यावरच चिडल्यासारखी म्हणाली, "दिस बरोबर दिले हो त्यांनी. कवा कमी न्हाई केले. पर एकदा तरी म्हनायचं हुतं, शमे, आज तुझ्याकडनं जाऊ वाटंना."