यादीतली लाल फुली

वसुबारसेच्या सकाळी माने अण्णांनी ऑफिसचा मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला आणि ते समोर उभे राहिले. स्क्रीनवर हणमंत तात्यांच्या नंबरवरून आलेलं उत्तर होतं. ‘तात्या श्रावणात वारले. हिकडं खुशाल न्हाई.’

मी इस्लामपुरातल्या एका दूध संघात जनसंपर्क अधिकारी आहे. म्हणजे दूध सोडून उरलेलं सगळं माझ्याकडे. बातम्या, सत्कार, सभा आणि सणाच्या शुभेच्छा. माने अण्णा आमचे जुने क्लार्क. सभासदांची घरं त्यांना तोंडपाठ.

प्रकरण सुरू झालं ते चेअरमनांच्या केबिनमध्ये.

“आपल्यात सगळ्या जातीधर्माचं लोक हायती,” चेअरमन म्हणाले. “दिवाळी, ईद, नाताळ, सगळ्याला चालंल असा एकच मजकूर करा. कुनाला परकं वाटाय नगं.”

मला तात्यांची पोस्टकार्डं आठवली. तात्या शिराळ्याच्या बाजूचे, फौजेतून हवालदार होऊन परतलेले. संघाचं दिवाळीचं कार्ड मिळालं की दरवर्षी उत्तर पाठवणारा हा एकमेव सभासद. एका वर्षी लिहिलं होतं, ‘कार्ड पोचले. इकडील सर्व खुशाल, म्हैस वगळता.’ म्हैस त्या वर्षी आजारी होती.

त्यावरूनच मी ‘खुशाल’ हा शब्द उचलला. चेअरमनांपुढं थोडी विद्वत्ताही पाजळली. शब्द मूळचा फारसी, खुश आणि हाल मिळून झालेला. आपण तो इतका घरचा केला, की पाहुण्याला ‘खुशाल बसा’ म्हणतो आणि उनाड माणसाला खुशालचेंडू. कुठल्याच एका धर्माचा शिक्का त्यावर नाही. चेअरमन खूश झाले. मजकूर ठरला : ‘आपण सहकुटुंब खुशाल असालच. असेच आनंदात राहा.’

मग मी दुसरी हुशारी केली. छापील कार्डं बंद करून मोबाईलवर मेसेज सुरू केले. मजकुरात नावाची जागा कोरी ठेवायची, कॉम्प्युटर यादीतून एकेक नाव उचलून तिथं भरतो आणि पाठवून देतो. एक बटण दाबलं की काम झालं. यादी कॉम्प्युटरवर चढवताना अण्णांच्या वहीत शेवटचा एक रकाना दिसला. त्यात कुठं कुठं लाल फुल्या होत्या. मला वाटलं, अण्णांची जुनी खाडाखोड असेल. मी तो रकाना घेतलाच नाही आणि वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी बटण दाबलं.

आता त्या मोबाईलकडं बघत मी अण्णांना विचारलं, “तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय. मातीला मी गेल्तो.”

“मग सांगितलं का नाही?”

“आवं साहेब, वहीत फुली मारलीती की. म्या म्हनलं, तुमी वही बघूनच केलं असंल.”

तेव्हा मला फुलीचा अर्थ कळला. आमच्याकडं ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं, तिथं दिवाळी नसते. घरात कढई चढत नाही. फराळ भावकीनं आणि शेजाऱ्यांनी न्यायचा. अण्णा दरवर्षी अशा घरांवर फुली मारायचे, त्यांचं कार्ड बाजूला काढायचे आणि स्वतः फराळाचा डबा घेऊन जायचे. घडीभर बसायचे, चार शब्द बोलायचे आणि परत यायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं ते कुठल्या फायलीतही नव्हतं.

मला फार लाज वाटली. ज्या माणसाचा शब्द उचलून मी शाबासकी घेतली, तो जाऊन तीन महिने झाले होते आणि मला पत्ता नव्हता.

दुपारी बायकोनं केलेल्या चकल्या-लाडवांचा डबा घेऊन मी आणि अण्णा निघालो. तात्यांच्या पत्नी, काकू, सोप्यात बसल्या होत्या. शेजारच्या दारात आकाशकंदील होता, यांच्या दारात नव्हता. मी डबा पुढं ठेवला. त्यांनी सुनेला चहा टाकायला सांगितला.

“सायेब, त्यो मेसेज तुमी धाडलाता व्हय?”

“नाही काकू. मशीनवरनं सगळ्यांना आपोआप जातो. चुकून गेला.”

“व्हय का? मग काय वाईट वाटायचं न्हाई,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, सायबच तात्यास्नी इसरलं. रातभर त्येच डोक्यात. मशीनला काय कळतंय बापडं.”

अण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि मग चहाच्या कपात बघितलं. मशीन सांगितलं तेवढंच करतं आणि तो रकाना माझ्या हातानं गळला, हे सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

लाल फुलीचा रकाना आता कॉम्प्युटरात आहे. सण आला की अण्णा माझ्याशेजारी बसतात, मी नावं वाचतो, ते ‘थांबा’ म्हणाले की थांबतो. सगळ्यांना सामावून घेणारा मजकूर करायचा असेल, तर तो कुणाला पाठवायचा नाही हे आधी विचारावं, एवढं शिकलो. वर्ष सरून त्या घरावरची फुली निघाली, तेव्हा काकूंच्या नावाचं कार्ड मी यंदा हातानं लिहायला घेतलं. ‘आपण खुशाल असालच’ हे काही लिहवलं नाही. ‘तो मेसेज मीच पाठवला होता’ हेही लिहिलं नाही.