यीस्टचा लूप मॅन्युअलवर

स्क्रीनवरची निळी रेघ पुन्हा खाली निघाली होती आणि मला खुर्चीत बसवत नव्हतं. ती रेघ म्हणजे टाकीतल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. टाकीत यीस्ट होतं. पाव फुगवायला वापरतात त्याच्याच जातीतलं, पण याला एक जास्तीचं जनुक बसवलेलं, त्यामुळे ते आमच्यासाठी एक एन्झाइम बनवायचं. टाकीत सगळं ठीक असेल तर रेघ सरळ चालते. आमची सकाळपासून वरखाली झुलत होती, आणि प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. उमेदीची सगळी वर्षं पुण्याजवळच्या केमिकल प्लांटमध्ये गेली. मग मुलीच्या मागोमाग बंगळुरूला आले आणि महादेवपुऱ्यातल्या एका लहानशा बायोटेक कंपनीत लागले. बायोलॉजी दहावीनंतर सोडली ती सोडलीच. टाकी, पंप, सेन्सर आणि त्यांना जोडणारा कंट्रोलर, एवढंच माझं काम. ऑक्सिजन वाढला म्हणजे यीस्टची साखर संपत आली असं समजून कंट्रोलर साखरेचा पंप वाढवतो. ऑक्सिजन कमी झाला की पंप आवरता घेतो. या चक्राला आम्ही लूप म्हणतो.

"मॅडम, ये स्ट्रेन ही अनस्टेबल है," आमचे हेड कार्तिक सर मागे येऊन म्हणाले. स्ट्रेन म्हणजे यीस्टचं ते खास वाण. "कल रिव्ह्यू में बंद करने को बोल दूँगा. नहीं तो कंट्रोल और टाइट कीजिए."

"टाइट किया तो और झूलेगा, सर."

ते खांदे उडवून गेले. शेजारी सुवर्णा उभी होती. सुवर्णा निपाणीची, आमची बायोलॉजिस्ट. हे वाण तिनेच तयार केलेलं. ते बंद झालं की तिचा प्रोजेक्ट बंद, आणि प्रोजेक्टबरोबर तिची नोकरीही. तिच्याकडे बघवेना म्हणून मी उगाचच टाकीभोवती फेऱ्या मारायला लागले. फेऱ्या मारता मारता तिला विचारलं, "साखर कमी पडली की तुझं यीस्ट काय करतं?"

"गप्प बसत नाही अक्का. साखर आत ओढायची दारं असतात, ती वाढवतंय."

"लगेच?"

"लगेच कसं होईल? दारं म्हणजे प्रोटीनच की. नवीन बनवायला वेळ लागतोय."

"आणि साखर जास्त झाली तर?"

"मग दारं काढून टाकतंय."

मी थांबले. मोजायचं, फरक बघायचा, दुरुस्त करायचं. हा तर कंट्रोलर झाला! म्हणजे एक कंट्रोलर बाहेर, माझा, आणि एकेक प्रत्येक पेशीच्या आत. दोघेही साखरच सांभाळतायत आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. यीस्ट उपाशी राहून दारं वाढवून तयार होतं, तोवर माझा पंप साखर ओतून मोकळा. मग ते दारं काढतं, तर इकडे पंप हात आखडतो. अरुंद जिन्यात समोरासमोर आलेली दोन माणसं पुन्हा पुन्हा एकाच बाजूला सरकतात, तसं चाललं होतं.

हे खरं की नुसता माझा तर्क, ते बघायची आम्हा केमिकल प्लांटवाल्यांची एक जुनी रीत आहे. लूप झुलायला लागला की तो मॅन्युअलवर टाकायचा. म्हणजे कंट्रोलरला बाजूला करायचं आणि पंप एकाच वेगाने चालू ठेवायचा. झुलणं थांबलं तर दोष कंट्रोलरचा. चालू राहिलं तर दोष प्रक्रियेचा. केमिकलच्या टाकीत हे करताना मला कधी धडधडलं नव्हतं. इथे टाकीत जीव होता आणि रिव्ह्यूआधीची ही शेवटची बॅच. मी सुवर्णाला आडपडदा न ठेवता सांगितलं.

"मरंल काय?" तिने विचारलं.

"माझा अंदाज चुकला तर बॅच हातची जाईल."

"टाका मॅन्युअलवर."

टाकलं. रेघ खालीच निघाली. आणखी खाली. अलार्म वाजायला लागला. कार्तिक सर धावत आले. "ऑटो पे डालिए, मॅडम!" माझा हात माउसवर गेलाच होता.

"स्वल्प थांबा अक्का," सुवर्णा म्हणाली. टाकीतून थेंबभर नमुना काढून ती मायक्रोस्कोपकडे गेली. तिथूनच म्हणाली, "कळ्या धरायलंय, नवीन पेशी फुटायल्यात. मरायला टेकलेलं यीस्ट असं कळ्या धरत नाही. हात लावू नका."

थांबणं हा माझा प्रांत नाही. मी कॉफी मशीनपर्यंत गेले आणि कॉफी न घेताच परत आले. सरांनी अलार्म बंद केला, पुन्हा चालू केला. रेघ तळाशी रेंगाळली, मग वर चढली, पण पहिल्याइतकी नाही. पुढचा झोका त्याहून लहान. संध्याकाळी घरी जायच्या वेळेला ती जवळजवळ सरळ झाली होती.

रिव्ह्यूमध्ये स्ट्रेन वाचला. कंट्रोलर एकदम सुस्त करून ठेवायचं ठरलं.

"रिपोर्ट में क्या लिखूँ? आपने क्या चेंज किया?" सरांनी विचारलं.

"कुछ नहीं. हाथ हटाया."

त्यांनी 'प्रोसेस ऑप्टिमायझेशन' असं लिहिलं.

मी जवळजवळ पळतच सुवर्णाकडे गेले. ती हसेल असं वाटलं होतं. बातमी ऐकून ती खाली बसली.

"म्हणजे अक्का, याच्या आधीचे दोन स्ट्रेन मी झुलतात म्हणून रिजेक्ट केले ते? त्यांच्यावर पण हाच कंट्रोलर होता की."

"होता," मी म्हटलं.

"वर्षभर मी त्यांच्यात खोट शोधत होते."

मला फार वाईट वाटलं. ती मात्र उठलीही होती आणि जाड हातमोजे चढवून फ्रीझर उघडत होती. दोन्ही वाणांच्या कुप्या तिने बर्फाच्या डब्यात ठेवल्या. त्यांच्यावर तिच्याच अक्षरात लाल शाईने 'अनस्टेबल' लिहिलं होतं. त्यावर ती कोरी लेबलं चिकटवायला लागली.

एखादी गोष्ट झुलते म्हणून तिला बिघडलेली ठरवण्याआधी तिला कोण हलवतंय ते बघावं. आमच्या धंद्यात त्यासाठी एक बटण असतं, आणि ते दाबायचं कुणाच्याही जिवावर येतं.