फ्रिजच्या दारातला गणपती

आमच्या घरचा गणपती गेल्या वर्षी दीड दिवस फ्रिजच्या दारात बसला होता. त्याची काही तक्रार नव्हती. बाकी सगळ्यांची होती.

त्याचं असं झालं. साताऱ्याला अण्णांचे (म्हणजे माझ्या वडिलांचे) गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांनी फोनवर जाहीर केलं, "यंदापासून गणपती तुझ्याकडे. जमलं तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी धाकट्याकडे देऊ." धाकट्याकडे! ज्याला आरतीचं दुसरं कडवं येत नाही, त्याच्याकडे! मी इरेला पेटलो. आमच्याकडे चंदीगडात मराठी गुरुजी मिळेनात, तेव्हा ठरलं की साताऱ्याचे गुरुजीच व्हिडिओ कॉलवरून पूजा सांगतील आणि अण्णाही कॉलवर बसून बघतील. फोनच्या पडद्यावर सगळे सुपारीएवढे दिसतात, म्हणून टॅब घ्यायचा.

"बॅटरी जास्त चालेल तो घे," बायको म्हणाली. मेधा शाळेत शिकवते. एकदाच सांगते.

"बॅटरी काय चाटायचीय? पॉवर बघायची असते, पॉवर!" मी मोहालीत आयटीत आहे (मॅनेजर आहे, म्हणजे कॉम्प्युटरशी संबंध सुटून सहा वर्षं झाली). दुकानदारानेही माझीच बाजू घेतली. "सर जी, ये टॅब नहीं, जानवर है जानवर!"

"और बॅटरी?" मेधाने विचारलं.

"बॅटरी भी है जी," तो म्हणाला.

चतुर्थीला सकाळी हॉलमध्ये मखर सजलं, समोर टॅब उभा राहिला. जानवराची ताकद अण्णांना दिसायला नको? म्हणून मी पडद्यावर मागे संगमरवरी देवळाचा देखावा लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं, ब्राइटनेस फुल्ल केला.

"यजमान दिसतायत," गुरुजी म्हणाले, "पण गणपती कुठंय?"

टॅबने फक्त माणसाला ओळखून बाकीचं सगळं पुसून टाकलं होतं. गणपतीसकट! देऊळ बंद करायचं बटण मला सापडेना. शेवटी आमच्या आठ वर्षांच्या रेवाने ते बंद केलं, तोवर बॅटरी पाच टक्क्यांवर आली होती.

"फोनवर घे," मेधा म्हणाली.

"अजिबात नाही!" अण्णा बघत होते ना! पण चार्जरची वायर हातभर. एक्स्टेन्शन बोर्ड मी ऑफिसात नेऊन ठेवलेला. हॉलमधला प्लग मखराच्या मागे, आणि ते मखर मीच खिळे ठोकून पक्कं केलेलं. उरला एकच प्लग, फ्रिजचा.

"गुरुजी, प्राणप्रतिष्ठा झाली का?"

"अजून नाही."

"मग दोनच मिनिटं थांबा!"

मी मूर्ती उचलली, मेधाने चौरंग ओढला, रेवाने टॅब धरला. फ्रिजचा प्लग काढून चार्जर खुपसला आणि बाप्पा फ्रिजला पाठ टेकून बसले. मंत्र झाले, प्राणप्रतिष्ठा झाली. तिकडे अण्णांनी डोळे पुसले, इकडे मलाही भरून आलं.

"आता पंचामृत," गुरुजी म्हणाले.

मी मेधाकडे पाहिलं. मेधाने फ्रिजकडे पाहिलं. "दूध, दही सगळं आत आहे," ती म्हणाली. "मोदकांचं सारणसुद्धा."

"मूर्तीला हात लावायचा नाही!" टॅबमधून अण्णा गरजले. "प्रतिष्ठा झालीय! उद्या उत्तरपूजेपर्यंत तसूभर हलवायची नाही!"

"बप्पा तो फ्रिज के चौकीदार बन गए!" रेवा टाळ्या पिटत ओरडली.

तिला वरच्या मजल्यावर शेजारणीकडे दूध-दही मागायला पिटाळलं. गिल आंटी दूध, दही आणि नैवेद्याला पातेलंभर सूजीचा हलवा घेऊन आल्या आणि फ्रिजसमोरची आरास बघून थबकल्या. "आप लोगों में फ्रिज के आगे पूजा होती है जी?"

"हां जी, पुराना रिवाज है," मी म्हणून गेलो. टॅब अजून चालू होता. अण्णांनी ऐकलं!

संध्याकाळी सगळी बिल्डिंग दर्शनाला लोटली. जो तो आधी बाप्पाला हात जोडायचा, मग फ्रिजला. तळमजल्यावरच्या काकांनी तर हँडलला हार घातला आणि जाता जाता हळूच विचारलं, "डबल डोअर वाला भी चलता है?"

दुसऱ्या दिवशी विसर्जन करून आलो आणि फ्रिज उघडला. प्लग परत लावायचा राहूनच गेला होता! सारणाचं काय झालं होतं ते लिहवत नाही. टॅब मात्र शंभर टक्के चार्ज.

तेवढ्यात अण्णांचा फोन आला. मी आधी फ्रिजचं दार लोटलं, मगच उचलला.

"गणपती राहू दे तुझ्याकडेच," अण्णा म्हणाले. "धाकटा म्हणतो, फ्रिजचा रिवाज त्याला झेपणार नाही. आणि टॅब सूनबाईच्या पसंतीचा घे."

मेधा एकटीच जाऊन बॅटरीवाला टॅब घेऊन आली. गिल आंटींनी परवाच नवा फ्रिज घेतलाय आणि रविवारी त्याची पूजा सांगायला मला बोलावलंय. नाही कसं म्हणू? रिवाज माझाच आहे!